रॅम्पवरचा लाल दिवा आणि त्याच्यामागे थांबलेली बस

सांजवारा (धागाकर्ती)

शहरी द्रुतगती मार्गांवरच्या कोंडीचा विषय निघाला की आपण बहुधा रस्ता रुंद करण्याबद्दल किंवा गाड्यांची संख्या कमी करण्याबद्दल बोलतो. आहे त्याच रस्त्यावरून आणि आहेत त्याच बसगाड्यांतून जास्त माणसे वेळेवर कशी पोहोचतील, हा प्रश्न मात्र नियंत्रण कक्षातल्या अभियंत्यांपुरताच राहतो. त्यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे. माझे म्हणणे आधीच मांडते. द्रुतगती मार्गावर वाहने किती आणि केव्हा सोडायची याचे नियंत्रण आणि सार्वजनिक वाहतुकीला दिले जाणारे प्राधान्य ही दोन खात्यांची दोन वेगळी कामे म्हणून आखली जातात, आणि बुद्धिमान वाहतूक प्रणालीचा (डिटेक्टर, संगणक आणि सिग्नल जोडून वाहतूक चालवणाऱ्या यंत्रणेचा) बराचसा फायदा तिथेच हातचा जातो.

आधी रस्त्याच्या स्वभावाविषयी. चांगल्या स्थितीतल्या द्रुतगती मार्गाच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण २,००० ते २,२०० वाहने जाऊ शकतात. वाहनांची घनता वाढत गेली की वेग कमी होतो, हे ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३५ मध्ये मोजमापे घेऊन मांडले होते. पुढे लक्षात आलेली गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. घनता एका मर्यादेपलीकडे गेली आणि प्रवाह एकदा मोडला, म्हणजे गाड्या अडखळत थांबत-चालत जाऊ लागल्या, की कोंडीच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या वाहनांची संख्याही घटते. ही घट बहुधा ५ ते १० टक्के असते, म्हणजे रस्त्याची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी त्याची क्षमता कमी होते.

ही घट दिसायला किरकोळ आहे, म्हणून एक कल्पित उदाहरण घेते. तीन मार्गिकांच्या एका टप्प्याची कमाल क्षमता तासाला ६,००० वाहने आहे, गर्दीच्या एका तासात ६,२०० वाहने येतात आणि त्यानंतर मागणी तासाला ५,००० वर उतरते, असे धरू. जास्तीची वाहने रॅम्पवर, म्हणजे द्रुतगती मार्गावर शिरण्याच्या जोडरस्त्यावर, थोपवून मुख्य मार्ग ६,००० वर चालू ठेवला, तर तासाअखेर २०० वाहने थांबलेली असतील आणि पुढच्या १२ मिनिटांत त्यांचा निचरा होईल. थोपवले नाही आणि तासाच्या सुरुवातीलाच प्रवाह मोडून निचरा ५,५०० वर आला, तर तासाअखेर ७०० वाहने खोळंबतील आणि रांग संपायला आणखी ८४ मिनिटे लागतील. पहिल्या स्थितीत एकूण खोळंबा १२० वाहन-तासांचा (एक वाहन एक तास थांबले तर एक वाहन-तास) आहे, तर दुसऱ्या स्थितीत तो ८४० वाहन-तासांवर जातो. वाहने तितकीच आणि रस्ताही तोच असताना खोळंबा सातपट होतो.

रॅम्पवरच्या सिग्नलचे सगळे प्रयोजन या फरकात आहे. १९६३ मध्ये शिकागोच्या आयझेनहॉवर एक्सप्रेसवेवर याची सुरुवात झाली, तेव्हा रॅम्पवर प्रत्यक्ष एक पोलीस उभा राहून ठरलेल्या गतीने एकेक गाडी सोडत असे. आज ते काम डिटेक्टर, म्हणजे वाहनांची नोंद घेणारी उपकरणे, आणि संगणक करतात. मार्कोस पापागेओर्गिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसच्या बुलेव्हार पेरिफेरिकवर तपासून १९९१ च्या सुमारास मांडलेली 'अलिनेआ' ही पद्धत आजही सर्वाधिक परिचित आहे. रॅम्प जिथे मुख्य मार्गाला मिळतो, त्याच्या थोडे पुढे डिटेक्टरवर किती टक्के वेळ वाहन होते, म्हणजे त्याची व्याप्ती किती, हे ती पाहते. हे प्रमाण ठरवलेल्या लक्ष्यापेक्षा कमी असेल तर सोडण्याचा दर ती थोडा वाढवते आणि जास्त असेल तर थोडा कमी करते. पुढच्या अर्ध्या तासाचे भाकीत करण्याच्या फंदात ती पडत नाही, आणि माझ्या मते तिच्या टिकाऊपणाचे कारण हेच आहे.

आता बसकडे वळते. रॅम्पवरचा दर तासाला ६०० वाहने, म्हणजे दर ६ सेकंदांनी एक वाहन, असा आहे आणि रांगेत ४० मोटारी उभ्या आहेत असे समजा. त्यांच्यामागे ५० प्रवाशांची बस आली तर ती ४ मिनिटे थांबेल, म्हणजे २०० माणूस-मिनिटे खर्ची पडतील. त्या बसला बगलमार्गिकेतून, म्हणजे रांगेच्या बाजूने जाणाऱ्या वेगळ्या मार्गिकेतून, पुढे नेऊन आधी सोडले, तर ४० मोटारींपैकी प्रत्येकीला ६ सेकंद जास्त थांबावे लागेल. मोटारीत सरासरी सव्वा माणूस धरले तर हा तोटा एकूण ५ माणूस-मिनिटांचा आहे. वाचणारी २०० आणि जाणारी ५ अशी तुलना समोर असताना, वाहने मोजणाऱ्या नियंत्रकाला मात्र यातले काहीच दिसत नाही, कारण त्याच्या लेखी बस हे एकेचाळिसावे वाहन असते.

ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत, आणि माझा हिशेब कुठे तोकडा पडतो तेही सांगावे.

गणिती

लेख आवडला. खोळंब्याचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातल्या २०० वाहनांना उभे राहायला जागा लागते हे त्यात आलेले नाही. रांगेतल्या एका मोटारीला पुढच्या-मागच्या अंतरासह सुमारे ७ मीटर लागतात. २०० मोटारींची रांग १,४०० मीटर होते आणि एवढा लांब रॅम्प सहसा नसतो. ती पाच रॅम्पवर वाटली तर प्रत्येकावर ४० मोटारी आणि २८० मीटर रांग, म्हणजे आपल्या दुसऱ्या उदाहरणातली स्थिती.

एकेकट्या रॅम्पच्या नियंत्रणाची मर्यादा इथेच येते. कोंडीच्या जागेलगतचा रॅम्प लवकर भरतो आणि रांग खालच्या शहरी रस्त्यावर जाऊ लागते. मग तिथला डिटेक्टर 'रांग ओसंडली' असा इशारा देतो आणि नियंत्रक सगळ्यांना सोडून देतो. म्हणजे नियंत्रणाची सर्वात जास्त गरज असते त्याच क्षणी ते आपोआप बंद पडते. म्हणून रॅम्पची साखळी करावी लागते. मेलबर्नच्या मोनॅश फ्रीवेवर २००८ मध्ये अशी समन्वित पद्धत सहा रॅम्पवर आधी चाचणीसाठी आणली गेली. तिचे तत्त्व सोपे आहे: कोंडीजवळच्या रॅम्पवरची रांग एका मर्यादेपर्यंत पोहोचली की त्याच्या मागचे रॅम्प आपला दर कमी करून स्वतःकडची रिकामी जागा वापरू देतात.

उलटतपासणी

गणित मान्य करूनही मला एक मूलभूत आक्षेप नोंदवायचा आहे. हे मागचे रॅम्प कोणाचे? शहराच्या दूरच्या टोकाला जो प्रवासी द्रुतगती मार्गावर शिरतो, त्याच्या रॅम्पवर बहुधा सिग्नलच नसतो. तो विनाथांबा आत येतो आणि मोकळ्या मार्गाचा लाभ घेतो. शहराच्या आतल्या भागात राहणाऱ्याचा प्रवास जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा असतो आणि थांबावे लागते त्यालाच. एकूण खोळंबा कमी झाला हे खरे मानले, तरी तो कोणाच्या वाट्याला आला हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. लोकांनी या सिग्नलांविरुद्ध आवाज उठवला तेव्हा त्यांना तंत्रज्ञान कळत नाही असे म्हणून त्यांची बोळवण केली गेली, हेही मला रुचत नाही.

सांजवारा

आपला आक्षेप रास्त आहे, आणि त्याची प्रत्यक्ष परीक्षा एका ठिकाणी झालेली असल्यामुळे तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहिते.

अमेरिकेतल्या मिनिआपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत २००० सालापर्यंत रॅम्पवर सुमारे ४३० सिग्नल बसवलेले होते आणि काही रॅम्पवरची प्रतीक्षा लोकांना असह्य वाटत होती. आपण मांडलेली तक्रार तिथेही होती. ही शहरे ज्यात येतात त्या मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने अखेर परिणाम तपासण्यासाठी हे सगळे सिग्नल बंद ठेवून अभ्यास करण्याचा आदेश दिला, आणि ऑक्टोबर २००० च्या मध्यापासून सुमारे आठ आठवडे ते बंद राहिले. एखाद्या महानगराने आपली चालू यंत्रणा अशी बंद करून मोजमाप करणे फार दुर्मीळ आहे. या काळात द्रुतगती मार्गांवरून जाणाऱ्या वाहनांची संख्या ९ टक्क्यांनी घटली, प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला आणि अपघात २६ टक्क्यांनी वाढले. शिवाय प्रवासाला किती वेळ लागेल याचा भरवसा फारच कमी झाला.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. आकडे आपल्या बाजूचे आहेत म्हणून वाहतूक खात्याने सगळे पूर्ववत सुरू केले नाही. स्थानिक रॅम्पवर कोणालाही ४ मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागू नये आणि एका द्रुतगती मार्गावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या रॅम्पवर २ मिनिटांपेक्षा जास्त, अशी मर्यादा नियंत्रणाच्या पद्धतीतच घातली गेली. सिग्नल चालू ठेवण्याच्या वेळाही कमी केल्या. एकूण कार्यक्षमतेचा थोडा भाग सोडून देऊन अन्यायाला वरची सीमा घालण्याचा हा मार्ग मला योग्य वाटतो. प्रतीक्षेची मर्यादा अभियंत्याने सोयीनुसार पाळण्याची गोष्ट नसून नियमात लिहिलेली असावी, असे माझे ठाम मत आहे.

तारजोडणी

मी सिग्नल आणि डिटेक्टरांच्या देखभालीच्या कामात आहे. वरची सगळी चर्चा डिटेक्टर खरे बोलतो असे गृहीत धरून चालली आहे, म्हणून त्या बाजूचे थोडे लिहितो.

सर्वात जुने आणि अजूनही भरवशाचे साधन म्हणजे डांबरात खाच पाडून पुरलेले तारेचे वेटोळे. आम्ही त्याला लूप म्हणतो. वरून वाहनाचे धातूचे अंग गेले की लूपचे विद्युत प्रेरण बदलते आणि कंट्रोलरला, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या संगणकाला, वाहनाची नोंद मिळते. लूपचा शत्रू वाहन नसून रस्त्याची दुरुस्ती आहे. डांबराचा वरचा थर खरवडून काढणारे यंत्र एका रात्रीत आख्ख्या रांगेतले लूप कापून टाकते आणि रस्ता करणाऱ्यांच्या कामाच्या यादीत ते पुन्हा घालण्याचा उल्लेखही नसतो. खाचेतले सील फुटून पाणी शिरले तर लूप मरत नाही, तो खोटे बोलू लागतो, आणि हे जास्त घातक आहे. 'सतत व्यापलेला' असा अडकलेला लूप १०० टक्के व्याप्ती दाखवतो. धागाकर्तीने लिहिलेली पद्धत मग समजते की मुख्य मार्ग ठप्प आहे, आणि मोकळ्या रस्त्यावर रॅम्पचा दर किमान पातळीवर नेऊन ठेवते. म्हणून प्रत्येक नोंदीची आधी चाळणी व्हावी लागते. व्याप्ती १०० टक्के आणि मोजणी शून्य अशी जोडी बराच वेळ टिकली, तर तो लूप बाद धरून शेजारच्या लेनचे आकडे वापरायचे. सरळ वाटणारी ही तपासणी नसलेल्या यंत्रणा मी पाहिल्या आहेत.

दुसरी अडचण वेगाची. एकच लूप असेल तर तो वेग मोजत नाही. सरासरी वाहनाची लांबी गृहीत धरून व्याप्तीवरून वेगाचा अंदाज काढला जातो. रात्री मालमोटारी वाढल्या की लांबीचे गृहीतक चुकते आणि रस्ता संथ झाल्याचा भास होतो. ठरावीक अंतरावर दोन लूप टाकले की हा प्रश्न सुटतो, पण खर्च आणि बिघाडाच्या जागा दुप्पट होतात. आता खांबावरचे रडार आणि कॅमेरे आले आहेत. त्यांच्यासाठी रस्ता खोदावा लागत नाही. मात्र जोराच्या पावसात, मावळतीचा सूर्य समोर असताना किंवा मोठ्या वाहनाआड छोटे वाहन झाकले गेल्यावर कॅमेऱ्याची मोजणी घसरते. मार्गिकांची शिस्त नसलेल्या मिश्र वाहतुकीत लूपही गोंधळतो, कारण एकाच वेटोळ्यावर दोन दुचाकी शेजारी शेजारी असतात. अशा ठिकाणी मार्गिकेऐवजी रस्त्याच्या पूर्ण रुंदीची व्याप्ती मोजणे शहाणपणाचे ठरते.

यंत्रणा विकत घेताना पैसे मिळतात, पण ती जिवंत ठेवण्यासाठी माणसे आणि सुटे भाग मिळत नाहीत, ही या क्षेत्राची खरी दुखरी जागा आहे.

बसथांबा

तारजोडणी यांचा प्रतिसाद साठवून ठेवला आहे. मी बसच्या बाजूने लिहितो, कारण मूळ लेखात रॅम्पवरची बस आली, पण बसचा बहुतेक वेळ रॅम्पवर जात नाही. तो सिग्नलवर आणि थांब्यांवर जातो.

प्रवाशाच्या दृष्टीने आधी अनियमिततेबद्दल बोलायला हवे. दर १० मिनिटांनी बस येत असेल आणि प्रवासी वेळापत्रक न पाहता थांब्यावर येत असतील, तर सरासरी प्रतीक्षा ५ मिनिटांची. तितक्याच बसगाड्या २ मिनिटे आणि १८ मिनिटे अशा आलटून पालटून अंतराने आल्या, तर सरासरी प्रतीक्षा ८.२ मिनिटांवर जाते, कारण १८ मिनिटांच्या मोठ्या पोकळीत येणारे प्रवासीही जास्त असतात. यात एकही बस कमी झालेली नाही. त्या सगळ्या जास्तीच्या प्रवाशांना पुढची बस कोंबून नेते आणि तिच्या मागोमाग येणारी अर्धी रिकामी धावते.

असे का होते हे नेवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवले. एखादी बस थोडी उशिरा पोहोचली की थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसे साचलेली असतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो आणि बस आणखी मागे पडते. तिच्यामागच्या बसला उलट कमी माणसे मिळतात, म्हणून ती जवळ येत जाते. सोडून दिले तर हे अंतर आपोआप कधीच सुधारत नाही. म्हणून बसगाड्यांवरच्या जीपीएसचा सर्वात मोलाचा उपयोग प्रवाशाला नकाशावर ठिपका दाखवणे हा नसून, मधल्या ठरावीक थांब्यांवर पुढच्या बसपासूनचे अंतर पाहून मागची बस अर्धा-एक मिनिट थांबवणे हा आहे. चालकांना हे पटवणे मात्र अवघड जाते. वेळापत्रकानुसार पोहोचण्यावर ज्याची हजेरी आणि मूल्यमापन अवलंबून आहे, त्याला 'तू वेळेवर आहेस, तरीही थांब' असे सांगणे म्हणजे त्याच्या डोक्यावर दोन मालक बसवणे आहे. मूल्यमापन अंतराच्या नियमिततेवर करा, मग हे तंत्र चालते.

सिग्नलवरच्या प्राधान्याचेही असेच आहे. बस चौकाजवळ येताना दिसली की हिरवा दिवा काही सेकंद लांबवायचा किंवा लाल दिवा लवकर संपवायचा, या त्यातल्या दोन मुख्य युक्त्या. ९० सेकंदांच्या चक्रात हिरवा दिवा संपल्यावर ५ सेकंदांनी पोहोचणारी बस पुढचे पाऊण मिनिट उभी राहते, आणि १० सेकंदांची मुदतवाढ तिला त्यातून वाचवते. पण थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर सगळे बिघडते. बसची चाहूल लागून हिरवा दिवा लांबवला जातो आणि त्या वेळी बस थांब्यावर माणसे घेत असते. आडव्या रस्त्याचा वेळ फुकट जातो आणि बसलाही काही मिळत नाही. म्हणून थांबा चौकाच्या पलीकडे हलवणे हे सॉफ्टवेअरपेक्षा आधीचे काम आहे.

प्रत्येक बसला प्राधान्य देऊ नये, असेही मला वाटते. जी बस मागे पडली आहे तिलाच द्यावे. पुढे गेलेल्या बसला दिले तर ती आणखी पुढे जाईल आणि अंतरे अधिकच बिघडतील.

पायवाट

या सगळ्यात चौकात रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या माणसाची नोंद कुठल्या डिटेक्टरवर होते? आडव्या रस्त्याचा हिरवा दिवा कापला की त्याच्यासोबतचा पादचाऱ्यांचा वेळही कापला जातो. वृद्ध माणूस अर्ध्या रस्त्यात अडकतो.

बसथांबा

पायवाट, योग्य प्रश्न आहे. पादचाऱ्यांसाठी ओलांडण्याचा किमान वेळ आणि अर्ध्या रस्त्यात असलेल्यांना पलीकडे पोहोचण्यासाठी त्यानंतर ठेवलेला वेळ हा कंट्रोलरमध्ये कुलूपबंद असावा लागतो आणि प्राधान्याच्या कोणत्याही मागणीने तो कमी होता कामा नये. वेळ कापायचा तर तो त्यावर उरलेल्या वाहनांच्या हिरव्या वेळातून कापायचा. शिवाय एका चक्रात प्राधान्य दिले तर पुढच्या एक-दोन चक्रांत ते नाकारून आडव्या रस्त्याची भरपाई करायची. हे दोन्ही नियम पाळूनही बसचा पुरेसा वेळ वाचतो.

उलटतपासणी

मिनेसोटाची माहिती वाचून माझा पहिला आक्षेप बराच सौम्य झाला, त्यासाठी धागाकर्तीचे आभार. आता दुसरा. समजा हे सगळे यशस्वी झाले आणि द्रुतगती मार्ग मोकळा वाहू लागला. मग आज गर्दीमुळे जे लोक तो टाळतात, उशिरा निघतात किंवा बसने जातात, ते परत येतील. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच हा मुद्दा मांडला होता. २०११ मध्ये डुरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी महानगरांच्या आकडेवारीवरून दाखवले की मार्गिकांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, साधारण त्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले अंतरही वाढते. सार्वजनिक वाहतूक वाढवल्यानेही रस्त्यावरची वाहतूक घटलेली त्यांना आढळली नाही. नियंत्रणाने मिळवलेली ५ ते १० टक्के क्षमता ही शेवटी क्षमताच आहे. ती भरणार नाही कशावरून?

माझ्या मते यावर एकच उपाय सिद्ध झाला आहे, तो म्हणजे गर्दीच्या वेळेची किंमत आकारणे. सिंगापूरने १९७५ मध्ये कागदी परवान्यांनी सुरुवात केली आणि १९९८ मध्ये ती वसुली इलेक्ट्रॉनिक केली. तिथले दर द्रुतगती मार्गावर ताशी ४५ ते ६५ किलोमीटर वेग राहावा या हिशेबाने वेळोवेळी तपासून बदलले जात. स्टॉकहोममध्ये २००६ च्या पहिल्या सात महिन्यांत चाचणी झाली आणि शुल्क लागू असलेल्या भागाच्या सीमारेषेवरची वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. चाचणीनंतर जनमत घेऊन २००७ मध्ये शुल्क कायम केले गेले.

गणिती

शुल्काविषयी सहमत आहे. पण स्टॉकहोमच्या उदाहरणात एक तपशील जोडायला हवा. तिथे शुल्क सुरू होण्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २००५ मध्ये, जादा बससेवा सुरू केलेली होती. शुल्क भरायचे नसेल तर जाण्याचा दुसरा मार्ग लोकांसमोर आधीच उभा होता. हा क्रम उलटा झाला तर शुल्क हा निव्वळ दंड वाटतो.

भरून जाण्याच्या मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. रस्ता भरेल हे मान्य. तो भरलेला असताना प्रवाह मोडलेला आहे की शाबूत आहे, यातला फरक तरीही उरतो. मोडलेला प्रवाह अपघातही वाढवतो, कारण वेगात येणारे वाहन अचानक रांगेच्या शेपटीला भिडते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. वाटेत कोणताही अडथळा नसताना थोड्याच वेळात त्यांच्यात थांबण्याची लाट तयार झाली आणि ती ताशी सुमारे २० किलोमीटरने उलट दिशेने सरकत राहिली. बदलत्या वेगमर्यादेचे फलक या लाटेसाठी असतात. इंग्लंडमध्ये एम २५ या महामार्गावर १९९५ पासून ते वापरात आहेत. पुढे रांग लागली आहे हे डिटेक्टरना कळले की मागच्या फलकांवर वेगमर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली जाते. अशा फलकांनी क्षमता फारशी वाढत नाही, पण रांगेच्या शेपटीवरचे अपघात टळतात.

त्याच इंग्लंडमधून एक धडाही घेण्यासारखा आहे. एम ४२ या महामार्गावर २००६ मध्ये गर्दीच्या वेळी रस्त्याची कडेची आपत्कालीन पट्टी वाहतुकीला खुली करण्यात आली. तिथे आपत्कालीन थांब्याच्या जागा जवळजवळ होत्या आणि पट्टी उघडण्याआधी ती रिकामी असल्याची कॅमेऱ्यांनी खात्री केली जात असे. नंतरच्या रस्त्यांवर ही पट्टी कायमची मार्गिका झाली आणि थांब्याच्या जागांमधले अंतर वाढले. बंद पडलेली गाडी चालत्या मार्गिकेत उभी राहण्याचा धोका लोकांना पटण्यासारखाच होता. ब्रिटिश सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अशा नव्या रस्त्यांच्या योजना रद्द केल्या. तंत्र तेच राहून त्याभोवतीची सुरक्षा एकेक करून काढली गेली की लोकांचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणे सेन्सर बसवण्याइतके सोपे नाही.

बसथांबा

कडेच्या पट्टीचा विषय निघालाच आहे तर मिनेसोटाचे आणखी एक उदाहरण देतो. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून फक्त बसगाड्यांना ही पट्टी वापरू दिली जाते. मुख्य मार्गावरचा वेग ताशी ३५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरच्या खाली गेला तरच बसने पट्टीवर यायचे. शेजारच्या वाहतुकीपेक्षा ताशी १५ मैलांहून अधिक वेग ठेवायचा नाही आणि कोणत्याही स्थितीत ३५ मैलांच्या पुढे जायचे नाही. पट्टीवर बंद गाडी दिसली तर बस निमूटपणे मुख्य प्रवाहात परतते. प्रशिक्षित चालक, मोजकी वाहने आणि वेगाचा छोटा फरक यांमुळे सर्वांसाठी खुल्या केलेल्या पट्टीपेक्षा हा प्रकार मला पुष्कळ जास्त सुरक्षित वाटतो. त्यात महागडी यंत्रणाही फारशी लागत नाही.

सांजवारा

शुल्क, पट्टी, रॅम्प आणि सिग्नल यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र बळ आहे हे चर्चेतून नीट पुढे आले. उलटतपासणी यांच्या दुसऱ्या आक्षेपावर माझे उत्तर असे आहे की मोकळी झालेली क्षमता कोणाला द्यायची हे आपण आधी ठरवले नाही, तर ती पहिल्यांदा येणाऱ्याला मिळते. बगलमार्गिका आणि प्राधान्य यांचा उपयोग ती आधी बसच्या नावावर करण्यासाठी आहे. मग रस्ता पुन्हा भरला तरी बसचा वेळ सुरक्षित राहतो.

गणिती, एक व्यावहारिक प्रश्न आहे. आपण सांगितलेली २८० मीटरची रांग ज्या रॅम्पवर मावते, तिथे बगलमार्गिकेला जागा उरत नाही. अशा ठिकाणी बसचे काय करावे?

गणिती

बगलमार्गिका रांगेच्या शेपटीच्या मागे सुरू झाली तरच उपयोगाची असते. रांगेच्या मध्यावर सुरू होणाऱ्या मार्गिकेपर्यंत पोहोचायलाच बसला अर्धी रांग सोसावी लागते. म्हणून रॅम्पवर रुंदी नसेल तर रांगच दुसरीकडे न्यायची. रॅम्पच्या तोंडाशी, शहरी रस्त्यावर जो सिग्नल असतो, त्याच्या वळणाच्या हिरव्या वेळातून मोटारी थोड्या थोड्या सोडायच्या, म्हणजे रॅम्पवर एका वेळी आठ-दहाच मोटारी राहतील. उरलेली रांग वळणाच्या मार्गिकेत उभी राहील, आणि त्या चौकात बससाठी स्वतंत्र मार्गिका व काही सेकंद आधीचा हिरवा दिवा देता येतो. रॅम्पवर आलेल्या बसला मग आठ मोटारींमागे, ६ सेकंदांच्या दराने, ४८ सेकंद थांबावे लागेल. तेही नको असेल तर बस चौकातून निघाली असा संदेश मिळताच नियंत्रकाने रॅम्पचा दर तेवढ्या वेळापुरता दुप्पट करून पुढच्या आठ मोटारी २४ सेकंदांत सोडाव्यात आणि बस गेल्यावर तितकाच वेळ दर कमी ठेवून त्या जादा मोटारी वसूल कराव्यात. मुख्य मार्गावर एकूण तितकीच वाहने जातात. अट एवढीच, की चौकातला सिग्नल शहराच्या ताब्यात आणि रॅम्पचा सिग्नल महामार्ग खात्याच्या ताब्यात असला, तरी दोन्ही कंट्रोलर एकमेकांशी सेकंदा-सेकंदाला बोलले पाहिजेत, आणि बसचा संदेश दोघांनाही एकाच वेळी मिळाला पाहिजे.